मुलांच्या स्वच्छतागृहात स्ट्रॉबेरी

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या स्वच्छतागृहाला चांगला वास येऊ लागला, तेव्हाच शाळेत सगळ्यांच्या लक्षात आलं की काहीतरी वाईट चाललं आहे. इतकी वर्षं त्या बाजूने जाणारा माणूस नाकाला रुमाल लावूनच जात असे. त्या दिवशी मात्र विज्ञानाच्या बाई तिथे थबकल्या, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "अय्या, स्ट्रॉबेरी!" पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा पडला आणि त्या तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

शिक्षकांची तातडीची सभा भरली. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे सगळी शाळा ज्यांना मोठ्या बाई म्हणते त्यांनी, मुलं चोरून व्हेप ओढतात असं जाहीर केलं. व्हेप म्हणजे काय हे निम्म्या शिक्षकांना ठाऊक नव्हतं. त्यांनीच सगळ्यात गंभीरपणे माना हलवल्या. दिसायला पेन, चालते चार्जिंगवर, बाहेर पडते ती फळाच्या वासाची वाफ आणि आत असतं निकोटिन, असं विज्ञानाच्या बाईंनी समजावून सांगितलं. मग एक समिती नेमायची ठरली. समिती हा शब्द ऐकताच कोणाला तपासायच्या वह्या आठवल्या, कोणाची कंबर दुखू लागली आणि पीटीचे सर तर छताचा पंखा नीट फिरतो आहे का ते बघू लागले. नेमके तेव्हाच भूगोलाचे सर आत आले. जगाचा नकाशा सरळ गुंडाळला जाईना म्हणून त्यांना उशीर झाला होता.

"या, अध्यक्ष," मोठ्या बाई म्हणाल्या.

सरांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

भूगोलाच्या सरांना चिठ्ठ्या लावायचा नाद होता, हे इथेच सांगून टाकायला हवं, कारण पुढचं रामायण त्यातूनच घडलं. त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक दगडाला चिठ्ठी होती. घरी स्वयंपाकघरात 'रिकामी बरणी' अशी चिठ्ठी लावलेली एक बरणी होती आणि तिच्यात काही भरायची त्यांच्या बायकोची गेल्या चार वर्षांत हिंमत झाली नव्हती. अध्यक्षपद मिळाल्याचं त्यांनी घरी जरा छाती फुगवूनच सांगितलं.

"पगार वाढणार का?" रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर सुया टोचून आलेल्या बायकोने विचारलं.

"हे समाजकार्य आहे."

"म्हणजे नाही."

मुलगी मात्र जेवता जेवता थांबली. ती त्यांच्याच शाळेत नववीत होती. लहानपणी गालात घास धरून बसायची म्हणून तिला घरात सगळे खारू म्हणायचे आणि आता त्या नावाचा तिला मनस्वी राग होता. "बाबा, तू हे नको घेऊस," ती म्हणाली. "प्लीज. दुसऱ्या कोणाला तरी दे."

"अगं, कोणीतरी करायलाच हवं ना?"

"मग कोणीतरी करू दे. तू नको."

लेकीला आपल्या तब्येतीची काळजी आहे, असं समजून सरांना भरून आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोकं बाजूला घेतलं आणि उरलेलं जेवण चार मिनिटांत संपवून ती खोलीत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्या स्कूटरवरून शाळेत येईनाशी झाली. दोन चौक चालून येऊ लागली. चालणं प्रकृतीला चांगलं, असं सर म्हणाले.

काम सुरू करायला साहित्य तयारच होतं. पीटीच्या सरांनी वर्षभरात खेळणी समजून जप्त केलेल्या व्हेप बुटांच्या एका खोक्यात पडून होत्या. सरांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि त्यांचे हात शिवशिवू लागले. मुलांना धोक्याची ओळख हवी, म्हणून खालच्या मजल्यावर प्रदर्शन भरवायचं त्यांनी ठरवलं. दोन संध्याकाळी बसून चिठ्ठ्या लिहिल्या. 'नमुना तिसरा. रंग निळा. वास कलिंगड. लपवण्याच्या जागा: मोजा, कंपासपेटी, पाण्याच्या बाटलीचं बूड. वैशिष्ट्य: वास दोन मिनिटांत नाहीसा होतो.' अक्षर सुंदर होतं. माहिती अचूक होती. मोठ्या बाईंनीही 'उत्तम' असा शेरा मारला.

प्रदर्शनाला अशी गर्दी लोटली की बावीस वर्षांच्या नोकरीत सरांनी कधी पाहिली नव्हती. मुलं रांगा लावून आली. मुलं चक्क टिपणं घेत होती! आठवीतल्या ज्या मुलाने नकाशाची वही वर्षभर उघडली नव्हती, त्याने मोज्याची माहिती लिहून घेतली आणि "सर, आंब्याचा वास नसतो का?" असा अभ्यासू प्रश्नही विचारला. एका पालकांनी पाचवा नमुना कुठे मिळतो ते विचारलं आणि सर बघतच राहिले तेव्हा "म्हणजे, माहिती असावी म्हणून," असं म्हणत ते घाईने निघून गेले.

तिसऱ्या दिवशी गणिताचे सर प्रदर्शनापाशी आले आणि किंचाळले. सहामाही परीक्षेचे सगळे गुण ज्याच्यात होते तो त्यांचा पेनड्राइव्ह चार दिवस सापडत नव्हता. तो तिथे मखमलीवर विराजमान होता. 'नमुना सातवा. रंग काळा. वास येत नाही. त्यामुळे अधिक घातक असण्याची शक्यता.' गणिताच्या सरांनी त्यानंतर भूगोलाच्या सरांशी बोलणंच सोडलं, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची असल्यामुळे ही गोष्ट रोज जाणवत राहिली. चौथ्या दिवशी मोजले तेव्हा आणखी दोन नमुने कमी भरले. त्या आठवड्यात पकडलेल्या मुलांची संख्या दुप्पट झाली आणि प्रत्येकाची वस्तू मोज्यात सापडली.

आता सल्ल्यांना ऊत आला. सरांच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक तज्ज्ञ राहत होता. तळमजल्यावरच्या शिंप्याने दोन रट्टे द्यावेत असं सुचवलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते काका जिन्यातच भिंतीवर बोटाने आकृती काढून म्हणाले, "गजर बसवा. वाफ आली की वाजला पाहिजे. यंत्र खोटं बोलत नाही." समोरच्या औषधांच्या दुकानातल्या काकू तेवढ्या वेगळं बोलल्या. "अहो, त्याची सवय फार पटकन लागते. मग ओरडून सुटत नाही ते. आधी विचारा तरी, का ओढता म्हणून. मुलं उगाच नाही जात तिकडे." हा सल्ला सरांना अगदीच मिळमिळीत वाटला. त्यात बसवायला काहीच नव्हतं.

गजरासाठी शिक्षण कार्यालयाची परवानगी लागत होती. सरांनी अर्ज तीन प्रतींत नेला. पहिल्या टेबलावरच्या कारकुनाने विषय वाचला आणि विचारलं, "तंबाखू आहे का यात?"

"तंबाखू नाही, पण निकोटिन..."

"मग आमच्याकडे येत नाही. वाफ आहे ना? आरोग्याचं टेबल बघा."

आरोग्याच्या टेबलाने अर्ज उलटसुलट केला. "कोण आजारी आहे?"

"अजून कोणी नाही. कोणी होऊ नये म्हणूनच..."

"झालं की या."

शेवटी ज्या टेबलाकडे फक्त पंख्यांच्या दुरुस्तीची फाइल होती, त्या टेबलाने दया येऊन शिक्का मारला. गजर बसला. पहिल्याच दिवशी पीटीचा तास संपवून आलेल्या दहावीच्या मुलांनी काखेत सुगंधी फवारा मारला आणि गजराने असा टाहो फोडला की सगळी शाळा मैदानात धावली. अभियंते काकांनी तो थेट अग्निशमन दलाला जोडून दिला होता, हे सरांना लाल गाडी फाटकातून आत येताना कळलं.

"आग कुठे आहे?" शिरस्त्राण घातलेल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"आग नाही," सर म्हणाले. "स्ट्रॉबेरीचा संशय आहे."

अधिकारी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मैदानातली नऊशे मुलंही पाहत होती. नववीच्या रांगेत खारू मान खाली घालून बुटाने माती उकरत होती आणि तिच्या मागेपुढे हातभर जागा मोकळी होती. सरांना ती जागा दिसली, पण रांग वाकडी आहे एवढंच त्यांच्या मनात आलं. पुढच्या आठवड्यात गणिताच्या चाचणीच्या सकाळी गजर दोनदा वाजला. गजराखाली वाफेची एक फुंकर मारली की पेपर पुढे जातो, हे मुलांनी कोणाच्याही मदतीशिवाय शोधून काढलं होतं. गजर काढला गेला आणि अग्निशमन दलाचं एक कडक पत्र सरांच्या नावाने आलं.

इथे दुसऱ्या एखाद्या माणसाने हात टेकले असते. पण सरांचा अपमान झाला होता, आणि अपमान झालेल्या शिक्षकाला नियम सुचतात. त्यांनी नियम लिहिला: पकडलेल्या मुलाचं नाव प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर वाचायचं आणि त्याला पंधरा दिवस घरी बसवायचं. एका महिन्यात सात नावं वाचून झाली. प्रत्येक नाव सरांनी स्वतः, स्पष्ट उच्चारात वाचलं.

शिवाय दुसऱ्या मजल्यावरची दोन्ही स्वच्छतागृहं मधल्या सुट्टीत कुलूपबंद करायचं ठरलं. किल्ली विश्वासू मुलामुलींच्या दक्षता पथकाकडे द्यायची होती. मुलींच्या पथकात सरांनी वर्गात पहिल्या येणाऱ्या तिघींना घेतलं आणि आपण पक्षपात करत नाही हे दाखवायला चौथं नाव खारूचं घातलं.

"बाबा, मला नाही यायचं त्यात," ती म्हणाली.

"अगं, विश्वासाचं काम आहे."

ती उठून खोलीत गेली. अलीकडे ती काहीच बोलत नसे. बायकोने एकदा म्हटलं होतं, "अहो, पोरीचं काहीतरी बिनसलंय. मैत्रिणींचे फोन येत नाहीत." वय आहे, असं सर म्हणाले होते आणि दक्षता पथकाच्या बिल्ल्यांवर नावं लिहायला बसले होते.

पंधरवड्याने एका दुपारी सर मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावर गस्त घालत होते. मुलींच्या कुलूपबंद स्वच्छतागृहाच्या दारातून कलिंगडाचा वास येत होता. कुलूप कडीला नव्हतं. सर तर आत जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी सफाईच्या मावशींना हाक मारली. मावशी शांतपणे आत गेल्या आणि चार मुलींना घेऊन बाहेर आल्या. चौघींच्या छातीवर बिल्ले होते. चौथी खारू होती.

सरांना पहिल्यांदा काय वाटलं असेल तर बिल्ल्यावरचं अक्षर छान आलं आहे, एवढंच. माणसाचं डोकं असं असतं. मग ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले.

"मधल्या सुट्टीत दुसरं कोणी येणार नाही अशी शाळेत तेवढी एकच जागा होती," मावशी म्हणाल्या. "किल्ली तुम्हीच दिलीत त्यांना. कोण कधी येतं, सगळं मला ठाऊक आहे. मी दिवसभर इथेच असते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कोणी? तुमच्या समितीत बारा माणसं आहेत. त्यातल्या एकाने तरी विचारलं?" मावशींनी बादली उचलली. "सुरुवातीला मजा म्हणून येतात. मग नाही ओढलं तर डोकं दुखतं म्हणून येतात. आणि काही जणी नुसत्याच येतात. बाहेर कोणी नसतं त्यांना."

सर खारूला भूगोलाच्या खोलीत घेऊन गेले. दार लावलं. गुंडाळलेल्या नकाशांच्या मध्ये दोघं उभी राहिली.

"ओढलंस?"

"दोनदा, सर. खोकला आला."

"मग कशाला गेलीस तिथे? आवडलं नाही तर कशाला गेलीस पुन्हा?"

 खारूला रडू फुटलं आणि शाळेतलं 'सर' कुठल्या कुठे गेलं. "बाबा, माझ्याशी कोणी बोलत नाही रे. मी आले की सगळ्या गप्प होतात. त्यांना वाटतं मी घरी जाऊन तुला नावं सांगते. दोन महिने मी डबा जिन्यात बसून खातेय. त्या तिघी एकदा म्हणाल्या, तूही ओढ, म्हणजे तू सांगणार नाहीस हे आम्हाला कळेल. मी ओढलं. मग त्या माझ्याशी बोलायला लागल्या. एवढंच."

सरांना जगातल्या सगळ्या राजधान्या पाठ होत्या. आपली मुलगी दोन महिने डबा कुठे खाते, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ आणि साधी लाज, आणि लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं. त्यांनी घेतलंही. तिने या वेळी डोकं बाजूला केलं नाही.

मग ते मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या प्रार्थनेला चार नावं वाचावी लागतील."

"बाई, नाव वाचलं तर ती पुन्हा शाळेत मान वर करणार नाही. नियम चुकीचा आहे."

"तुम्हीच लिहिलात."

"तेव्हा मला कळलं नाही."

"तेव्हाही कोणाची तरी मुलं होतीच, सर," मोठ्या बाई म्हणाल्या. "सात."

 "नियम रद्द करा," सर म्हणाले. " मी सातही घरी फोन करतो. आणि अध्यक्षपदही सोडतो."

"नियम रद्द होईल. अध्यक्षपद सोडण्याचा अर्ज आपल्याकडे छापलेला नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

ते सात फोन म्हणजे सरांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड तोंडी परीक्षा होती. एका आईने फोन आपटला. एका वडिलांनी सरांना दहा मिनिटं झापलं. दुसरे एक वडील थकलेल्या आवाजात म्हणाले, "पंधरा दिवस घरी बसवलंत, सर. आम्ही दोघं कामावर. तो दिवसभर एकटा, आणि दिवसभर तेच. आधी सुट्टीपुरतं होतं." सर "माझी चूक झाली," असं सात वेळा म्हणाले आणि सातव्या वेळीही ते सोपं गेलं नाही.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती रागावेल असं सरांना वाटलं होतं, पण ती नुसती म्हणाली, "औषधवाल्या काकू हेच सांगत होत्या ना?" रागावण्यापेक्षा हे जास्त लागलं.

समितीत मावशी आल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी मधल्या सुट्टीत मुलांना बसायला जागाच नाही हे दाखवून दिलं. मैदान पीटीच्या सरांच्या संघाने अडवलेलं, वर्गांना कुलूप, उरतं काय तर स्वच्छतागृह. ज्यांना सवय लागली होती त्यांच्यासाठी दर बुधवारी डॉक्टरीण बाई येऊ लागल्या. नाव कुठेही लिहायचं नाही, या अटीवर. आणि भूगोलाची खोली मधल्या सुट्टीत सगळ्यांसाठी उघडी ठेवायची ठरली.

पहिल्या दिवशी खोलीत फक्त सर होते. दुसऱ्या दिवशी तीन मुलं आली. सरांनी त्यांना निकोटिनचे दुष्परिणाम सांगायला सुरुवात केली आणि चौथ्या दुष्परिणामाला तीनही मुलं निघून गेली. तिसऱ्या दिवशी मावशींनी सरांना सांगितलं, "तुम्ही तोंड बंद ठेवून बघा." बावीस वर्षांची सवय मोडणं किती कठीण असतं, ते सरांना तेव्हा कळलं. ते दातांखाली जीभ धरून बसू लागले. हळूहळू मुलं येऊ लागली; कोणी पंख्याखाली बसायला, कोणी पत्ते खेळायला. घरून परत आलेल्या सातांपैकी पाच आले. मग त्या तिघी आल्या. खारू मात्र दारापर्यंत येऊन परत जायची.

एका शुक्रवारी ती आत आली. तिघींनी सरकून तिला बाकावर जागा दिली. कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे एकदम गप्प झाले. सरांनी डब्यातून मान वर केली. दहा-बारा तोंडं त्यांच्याकडे बघत होती. खारू उठली आणि त्यांच्या टेबलापाशी आली.

"सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

"ही माझी खोली आहे," सर म्हणाले.

"हो, सर. प्लीज."

सर उघडा डबा हातात घेऊन बाहेर आले. मागे दार लागलं. व्हरांड्यातून गणिताचे सर चालले होते. ते थांबले आणि प्रदर्शनानंतर पहिल्यांदाच बोलले. "काय, हाकललं?"

"हाकललं."

तेवढ्यात मोठ्या बाईही आल्या. "आत काय चाललंय?"

"माहीत नाही."

"अध्यक्षांना माहीत नाही?"

आतून एकदम हसण्याचा स्फोट झाला. त्या गलक्यात एक हसणं असं होतं की घास गालात अडकल्यावर जसं येतं तसं, नाकातून. सर ते ऐकत राहिले. डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यांनी चेहरा भिंतीकडे वळवला.

"नाही, बाई," ते म्हणाले. "मला कोणी काही सांगत नाही." आणि घंटा होईपर्यंत त्यांनी उभ्या उभ्याच जेवण संपवलं.